हुकमाची ओळ

२००४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. बिलोलीत मी तेव्हा कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचो. जुन्या पेठेतली एक खोली, सहा मशीन, त्यातली चार चालू. भारनियमनाच्या वेळापत्रकावर आमचं वेळापत्रक बेतलेलं. विंडोजचे परवाने परवडत नव्हते, म्हणून मी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं होतं आणि पोरांना काळ्या पडद्यावर कमांड मारायला शिकवत होतो. इंग्रजी पुस्तकं कुणाला झेपायची नाहीत. मग मीच मराठीत नोट्स लिहिल्या, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या आणि झेरॉक्स काढून वाटल्या. त्या बावीस पानांचा मला फार अभिमान होता.

वर्गातला कुंडलवाडीचा एक मुलगा एका संस्थेच्या कार्यालयात बसायचा. तिथे वर्षभराचे निकाल कॉम्प्युटरवर चढवलेले होते. 'निकाल' नावाच्या फोल्डरमध्ये 'जुने' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. जुने निकाल आता कागदावर होते, जागा मोकळी करायची होती. त्यानं माझ्या नोट्समधलं पान उघडलं. योगायोग म्हणा किंवा माझा निष्काळजीपणा, मी उदाहरण म्हणून नेमकी तशीच नावं घेतली होती. कमांड अशी होती: आरएम, मग जागा, मग वजा-आर, मग जागा, मग निकाल, तिरपी रेघ, जुने. (अशी कमांड अर्थातच रोमन लिपीत मारतात. इथे मी वर्गात बोलायचो तशी नागरीत लिहितो आहे. तिचं दिसणं कसं असावं हाच या लेखाचा विषय असताना ती तोंडी सांगावी लागावी, यातली गंमत मला कळते.)

माझ्या पानावर ही ओळ मजकुराच्या पोटातच होती, इतर वाक्यांसारखी. पानाची रुंदी संपली आणि ती तिरप्या रेघेपाशी तुटली. 'जुने' खालच्या ओळीवर गेलं. मुलानं वरची ओळ मारली, ओळ संपली म्हणून शिस्तीत एक जागा सोडली आणि मग 'जुने' मारलं.

ज्यांना या कमांडची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधे जागा आली की यंत्र ती दोन वेगळी नावं समजतं. त्यानं आधी 'निकाल' हे अख्खं फोल्डर पुसलं. मग 'जुने' शोधलं, आणि असं काही सापडत नाही म्हणून तक्रार केली. पोराला पडद्यावर फक्त ती तक्रार दिसली. त्याला वाटलं कमांड चाललीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मी तुमच्या कागदात दिसलं तसंच मारलो सर."

खरंच, त्यानं तसंच मारलं होतं.

त्या कार्यालयात एक टायपिस्ट काका होते. टाइपरायटरवर हयात घालवून शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर आलेले. त्यांनी हजेरीपट आणि गुणपत्रकं पुढ्यात घेऊन सगळे निकाल पुन्हा चढवले. अकरा दिवस लागले. मी रोज संध्याकाळी जाऊन आकडे वाचून दाखवायचो, तेवढंच प्रायश्चित्त. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त एकदा माझ्या नोट्सचं ते पान हातात धरून म्हणाले, "सर, टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. तुमच्या कागदावर घंटी कुठंय?"

हा प्रश्न पुढे माझ्या मागेच लागला. जी ओळ अक्षर न् अक्षर तशीच उतरवायची असते, ती पानावर कशी मांडायची? लोकांनी आजवर ती कशी मांडली? मी इतिहासाचा माणूस नाही. पण नांदेडला गेलो की ग्रंथालयात बसायचो, आणि कॉम्प्युटरच्या जुन्या मॅन्युअलांपासून पोथ्यांपर्यंत जे हाताला लागेल ते याच एका नजरेनं चाळायचो. त्यातलं काही इथे लिहितो.

सुरुवात पोथीपासूनच करावी लागते. हस्तलिखित पोथी पाहिलीय त्यांना माहीत आहे की तिच्यात शब्दाशब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षरं सलग चालतात, कडेला भिडली की पुढच्या ओळीवर जातात, शब्द मधेच तुटला तरी कुणाला फिकीर नाही. मोडीचंही तेच. बोरू उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. पहिल्यांदा पाहताना मला हा अडाणीपणा वाटला होता. नंतर लक्षात आलं की तिथे तोडण्यानं काही बिघडतच नाही. जागेला काही अर्थच नसेल तर ओळ कुठेही मोडा, वाचणारा तोंडानं जोडून घेतो. माझ्या मुलाचा घात झाला तो जागा हेच एक अक्षर असलेल्या लिपीत.

पण पोथीलाही वेगळं दाखवायचं काही होतंच. मूळ श्लोक आणि त्यावरची टीका एकाच पानावर असेल तर मूळ मधोमध ठळक, मोठ्या अक्षरांत आणि टीका वर-खाली बारीक, अशी मांडणी करत. तिला त्रिपाठ म्हणतात. कोण बोलतंय ते सांगणारे 'उवाच', अध्यायाची समाप्ती, दंड, हे लाल शाईनं लिहीत किंवा त्यावर गेरू फिरवत. आज प्रोग्रॅम लिहिताना संपादकात शब्द आपोआप रंगतात, त्याची पोरांना मोठी अपूर्वाई असते. मी त्यांना गेरूची पोथी दाखवतो. आणि चुकलं तर? तर त्या अक्षरावर पिवळी हरताळ फासायची. पोथीचा कागद पिवळसर, त्यावर हरताळ बसली की अक्षर गायब, वर पुन्हा लिहायला मोकळे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला आहे, बंदच्या हरताळाशी त्याचा संबंध नाही. आमच्या आरएम कमांडला मराठीत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. फरक इतकाच की हरताळीखालचं अक्षर उन्हाकडे धरलं तर कधीकधी दिसतं.

आमच्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. शब्द जसाच्या तसा राखण्याचा ध्यास मराठीत त्यांच्याइतका कुणी घेतला नसेल. म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात प्रसंग आहे, माणसं आहेत, आणि मधेमधे चक्रधरांचं बोलणं आहे. पुढे केसोबासांनी त्यातून चक्रधरांची वचनं तेवढी वेगळी काढली आणि सूत्रपाठ केला. सांगणाऱ्याचे शब्द एकीकडे, स्वामींचे शब्द दुसरीकडे, सरमिसळ नको. एखाद्या लीळेचा पाठ दुसऱ्यानं वेगळा सांगितला असेल तर तोही टाकायचा नाही, 'वासना' म्हणून शेजारी नोंदवायचा. हे वाचताना मला माझी बावीस पानं आठवली. त्यात माझे शब्द आणि मारायचे शब्द एकाच ठशात, एकाच ओळीत, एकमेकांच्या मांडीवर बसलेले होते.

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न हाच होता. नकला करता करता लोकांनी आपल्या ओव्या घुसवल्या होत्या. शुद्धीचं काम संपवून त्यांनी यापुढे भर घालणाऱ्यांना कडक शब्दांत टोकलं आहे. दरबारी कागदात त्यावर एक व्यवहारी तोड होती. मजकूर संपला की लगेच खाली लेखनसीमेचं मोर्तब उमटवायचं. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असतो तो हाच. हुकूम इथे संपला, याच्या खाली कुणी शब्द वाढवला तर तो आमचा नाही. कमांडच्या शेवटी एंटरची कळ असते तिचं चित्र मी हल्ली असंच काढतो, एक छोटा चौकोन. पोरं त्याला 'मोर्तब' म्हणायला लागली आहेत.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातली. बिलोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कचेरीची भाषा उर्दू, बाजारात मराठी आणि तेलुगू, सावकाराच्या वहीत मोडी. मांजरा ओलांडली की बोधन. चार लिप्यांचा तालुका, त्यामुळे कचेरीबाहेर अर्जनवीस बसणं ओघानंच आलं. अर्जनवीस हा शब्द आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. त्याच्याकडे अर्जाचे नमुने असत. मी अमुक, वल्द अमुक, राहणार मौजे अमुक, अर्ज करतो की. त्यातलं 'अमुक' कुणी तसंच लिहून द्यायचं नाही हे शेंबड्या पोरालाही कळायचं. कमांडच्या पुस्तकात हीच अडचण फार जुनी आहे. 'फाइलचं नाव' असं लिहिलं की विद्यार्थी 'फाइलचं नाव' हेच शब्द मारतो. इंग्रजी पुस्तकं तिथे तिरपं अक्षर घालतात किंवा टोकदार कंस. टोकदार कंस तर घातकच आहे, कारण यंत्राच्या भाषेत त्याला स्वतःचा अर्थ आहे, फाइल वाचायची किंवा फाइलवर लिहायचं. तो कंस मारला तर असलेली फाइल कोरी होऊ शकते. मी नोट्समध्ये सरळ नागरीत 'अमुक' लिहायला लागलो. रोमन ओळीत एकटा नागरी शब्द असा उठून दिसतो की तो तसाच मारायची कुणाची छातीच होत नाही.

आता घंटीकडे येतो.

टाइपरायटरचं पेटंट अमेरिकेत १८६८ साली ख्रिस्तोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी घेतलं आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीनं ते विकायला काढलं. त्याच्या गाड्याला दर कळीमागे सारखंच अंतर सरकता येत होतं. म्हणून आय असो की डब्ल्यू, प्रत्येक अक्षराला जागा सारखी. छापखान्यातल्या खिळ्यांना हे बंधन कधीच नव्हतं, ही यंत्राची मजबुरी होती. पण त्यातून दोन गोष्टी घडल्या. आकडे आपोआप एकाखाली एक बसू लागले. आणि जागा ही एक कळ झाली. लेखणीनं लिहिताना जागा म्हणजे न लिहिणं. टाइपरायटरवर जागा म्हणजे अंगठ्यानं एक पट्टी दाबणं, बाकीच्या अक्षरांसारखंच एक काम. जागेला अर्थ येण्याची सुरुवात मला तिथे दिसते.

त्याच टाइपरायटरला तारेनं जोडलं की टेलिटाइप झाला. एएसकी ही संकेतावली १९६३ सालची, टेलिटाइपचं मॉडेल ३३ देखील त्याच वर्षीचं. सेकंदाला दहा अक्षरं, खडखडाट करत कागदाच्या गुंडाळीवर. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स लिहायला घेतलं तेव्हा पडदा नव्हता, असली यंत्रं होती. कळी जड आणि छपाई मंद, म्हणून कमांड दोन-दोन अक्षरी. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम. आजही लिनक्समध्ये काळ्या खिडकीचं अधिकृत नाव टीटीवाय आहे, ते टेलिटाइपचंच लघुरूप. म्हणजे ती काळी खिडकी कॉम्प्युटरच्या आत जपून ठेवलेला टाइपरायटर आहे. आणि काकांची घंटीही तिथे आहे! एएसकीमध्ये सात क्रमांकाचं चिन्ह घंटीचं. कंट्रोल आणि जी एकत्र दाबा, आजही कॉम्प्युटर टुक् करतो. दहा क्रमांक म्हणजे कागद एक ओळ वर सरकवणं, तेरा म्हणजे गाडा परत डावीकडे आणणं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. दर ओळीला डाव्या हातानं गाडा ढकलून त्यांचा खांदा दुखायचा, आणि ती ढकल इथे एक आकडा होऊन बसली होती.

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ तारखेचं आहे. त्याच्या प्रस्तावनेत वाचकाला आधीच सांगून टाकलं आहे की ज्या शब्दांखाली रेघ आहे ते जसेच्या तसे मारायचे, आणि चौकोनी कंसातलं असलं तर असलं, नसलं तर नसलं. रेघ का? तर त्या यंत्राला ठळक किंवा तिरपं काढताच येत नव्हतं. मागे येऊन खाली रेघ मारणं एवढंच हाती होतं. गेरू नसलेल्या लेखकूनं केलेली सोय. पुढे छपाई सुधारली तशी रेघ गेली आणि तिथे ठळक अक्षर आलं.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक आलं. त्याची अक्षरजुळणी लेखकांनी स्वतः, युनिक्सवर चालणाऱ्या यंत्रातून केली. निवेदन टाइम्स रोमनमध्ये आणि प्रोग्रॅम कुरियरमध्ये. कुरियर हा ठसा हॉवर्ड केटलर यांनी पन्नाशीच्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी काढला होता. आयबीएमनं त्यावर हक्क राखून ठेवला नाही, म्हणून तो सगळीकडे पसरला. माझ्या मते या पुस्तकानं एक वळण कायमचं पाडलं. छापखान्याचं अक्षर म्हणजे माणूस बोलतोय, टाइपरायटरचं अक्षर म्हणजे यंत्राशी बोलणं चाललंय. वास्तविक १९७८ मध्ये टाइपरायटरच्या मजबुरीची काही गरज उरली नव्हती. मजबुरीची खूण झाली. १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं अधिकृत टिपण निघालं, त्यात तर तीन वेगवेगळ्या खुणा दिलेल्या आहेत. माणसानं कळीवर मारायचं ते, यंत्रानं दाखवलेलं ते, आणि आपलं 'अमुक' ते. शिवाय जागा आणि ओळी जशा लिहिल्या तशाच राखा असं बजावणारी चौथी. इतकं सगळं तयार असताना लोक वापरत नाहीत, मीही वापरलं नव्हतं. कागदावर छापतोय, मला काय त्याचं, असं वाटलं होतं.

मराठीची गोष्ट इथे वेगळी होते. सारख्या जागेत नागरी बसत नाही. 'र' ला किती जागा लागते आणि 'क्ष' ला किती, ते बघा. नागरी टाइपरायटर बनवणाऱ्यांनी त्यावर काढलेली तोड मला अजूनही थक्क करते. ख, ग, घ, ण, श अशी कान्यानं संपणारी अक्षरं कळीवर अर्धीच ठेवायची, वर कान्याची कळ मारली की ती पुरी. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळी मुक्या, म्हणजे ठसा उमटतो पण गाडा सरकत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती दिसते आधी. 'कि' म्हणताना क आधी येतो, मारताना वेलांटी. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि पुढे मराठी यंत्रं तहसील-तहसिलीत पोचली. बिलोलीच्या कचेरीबाहेर झाडाखाली दोन मेजं मी लहानपणी पाहिली आहेत. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, ही मिनिटाची गती म्हणजे नोकरीचं तिकीट होतं. दहा शब्दांचा तो फरक नागरीच्या अर्ध्या अक्षरांनी खाल्लेला.

कॉम्प्युटरनं मात्र उलट वाट धरली. आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या कामातून जिस्ट तंत्र उभं राहिलं. पुढे पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि ते तिथे वाढलं. जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची. त्यातला मोठा विचार असा की साठवायचं ते उच्चाराच्या क्रमानं, आधी क मग वेलांटी. दाखवायचं कसं ते यंत्र बघून घेईल. १९९१ च्या इस्की मानकात हेच आहे आणि युनिकोडनंही हाच धडा उचलला. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट आला आणि युनिकोड मराठी सामान्य माणसाच्या पडद्यावर दिसू लागली. पण काळ्या खिडकीत अजूनही घोळ आहे. तिचा पडदा चौकटीचा, एका चौकटीत एक चिन्ह, फार तर दोन चौकटी. 'किल्ला' म्हटलं की किती चौकटी, यावर प्रोग्रॅम आणि पडदा यांचं एकमत होत नाही. वेलांटी भलतीकडे, जोडाक्षर फुटलेलं, कर्सर शब्दाच्या पोटात. फोल्डरला मराठी नाव द्या म्हणून मी कधीच सांगत नाही. सांगायला हवं असं वाटतं, पण सांगत नाही.

अकरा दिवसांनंतर मी नोट्स पुन्हा लिहायला घेतल्या, तेव्हा ओळ तुटण्यापलीकडचे घोटाळे बाहेर आले. वर्डमध्ये दोन वजाच्या खुणा ओळीनं मारल्या की तो त्याची लांब रेघ करतो. सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. वाक्य सुरू झालं समजून पहिलं अक्षर मोठं करतो. निबंधासाठी हे सगळं ठीक आहे, पण युनिक्सच्या लेखी मोठं आर आणि छोटं आर ही दोन वेगळी माणसं आहेत आणि लांब रेघ ही कुणीच नाही. छापलेल्या पानावर हे दिसतसुद्धा नाही, चांगलंच दिसतं. देखणेपणानं केलेला घात. डीटीपीवाल्याला मी सांगितलं की या ओळींवर सौंदर्यसंस्कार नकोत. तो दुखावला. लग्नपत्रिकांचा मोसम होता, त्याच्या मते माझ्या पानाला तेवढीच जरा शोभा होती.

मग काळा चौकोन. मला हौस होती की पान पडद्यासारखं दिसावं, काळ्यावर पांढरी अक्षरं. लेझर प्रिंटवर दृष्ट लागण्यासारखं आलं. झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीत अक्षरं भरून गेली, तिसऱ्या प्रतीत कोळसा. आणि बिलोलीत माझ्या नोट्स कुणी पहिली प्रत वाचत नाही. झेरॉक्सची झेरॉक्सच फिरते. शेवटी पांढऱ्यावर काळं, डावीकडे एक जाड उभी रेघ, वर-खाली अर्धी ओळ मोकळी. रेघ झेरॉक्सच्या पाचव्या पिढीतही टिकते.

डॉलरच्या खुणेवर माझा निर्णय तीनदा बदलला. काळ्या पडद्यावर यंत्र आधी एक डॉलर दाखवतं, म्हणजे बोला, ऐकतोय. पुस्तकं तो डॉलर छापतात, कारण त्यामुळे कुठली ओळ माणसाची आणि कुठली यंत्राची ते कळतं. तो 'उवाच' आहे. पण पारायणाला बसलेला माणूस 'उवाच' देखील म्हणतो, तसा विद्यार्थी डॉलरही मारतो. डॉसच्या काळात 'सी:\>' सकट सगळी ओळ मारणारी पोरं मी पाहिली आहेत. डॉलर काढला तर उत्तराची ओळसुद्धा कमांड समजून मारतात. शेवटी त्रिपाठाकडेच गेलो. मारायची ओळ मोठ्या ठशात, यंत्राचं उत्तर तिच्याखाली बारीक आणि आत सरकवून, डॉलर नाहीच.

आणि घंटी. ओळ पानाच्या रुंदीत मावत नसेल तर युनिक्समध्ये शेवटी उलटी तिरपी रेघ देऊन खाली जाता येतं. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. पण सुलट आणि उलट तिरपी रेघ यांत फरक करताना आधीच पोरांची फे फे उडते, त्यात तीच खूण ओळ मोडायला नको वाटली. मी घंटीचं एक बारीक चित्र काढून घेतलं. जिथे ओळ तुटते तिथे घंटी, म्हणजे इथे कागद संपलाय, कमांड नाही, जागा सोडू नका. आणि जिथे खरोखर जागा सोडायची आहे तिथे सुरुवातीच्या पानांत एक फिका उभट चौकोन, पट्टीच्या कळीसारखा.

पहिला कच्चा छाप घेऊन मी काकांकडे गेलो. ते निवृत्त होऊन घरीच होते. त्यांनी चष्मा लावला, फूटपट्टी काढली आणि जुन्या सवयीनं प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून एकेक कमांड अक्षरश: मोठ्यानं वाचली. आरएम, जागा, वजा, आर, जागा. त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. अठरा पानांत नऊ चुका निघाल्या. त्यातली एक घंटी मी चुकून एका नेमक्या जागेवरच बसवली होती, जिथे जागा सोडायलाच हवी होती.